पायऱ्या राहून गेलेला नकाशा

मी हिंगोलीत खरेदीखतं टाइप करते. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर आमच्या चार-पाच टपऱ्या आहेत, त्यांतली लिंबाखालची माझी. घराच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहावी लागते. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस तमक्याचा प्लॉट, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस बोळ. बारा वर्षं मी हे टाइप करते आहे. घराच्या चारी बाजूंना काय आहे ते या कागदात असतं आणि घराच्या आत काय आहे ते नसतं, हे मात्र माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. एकदा खुर्चीवर बसल्या बसल्या हैदरभाई म्हणाले, "पल्लवीताई, यात सैपाकघर कुठं हाय?" आणि मी उगाच कागद चाळत बसले.

हैदरभाई घरं विकून देतात. आमच्याकडं असे एजंट पंधरा-वीस तरी असतील. पण त्यांच्याकडून फोनवर घराची माहिती आली की फोटोंच्या आधी एक नकाशा येतो. चौकटीच्या कागदावर हातानं काढलेला, एक चौकोन म्हणजे एक फूट. खोल्या, दारं, खिडक्या, जिना, मोरी, सगळं जागच्या जागी. ही सवय त्यांना कशी लागली ते सांगायचं तर सुनीतीबाईंच्या घरापासून सांगावं लागेल. हैदरभाईंनी मला ते सांगितलं, आणि सुनीतीबाईंनीही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता.

हैदरभाई मूळचे सुतार, त्यातही चौकटवाले. नरसीच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. सत्तावीस वर्षं त्यांनी सागाच्या, लिंबाच्या, बाभळीच्या चौकटी केल्या. मग लोक ग्रॅनाइटच्या चौकटी बसवायला लागले, लोखंडी तयार चौकटी नांदेडहून टेम्पोनं यायला लागल्या. त्यातच एकदा जड चौकट उतरवताना त्यांचा उजवा खांदा निखळला. तो बसवला, पण रंधा मारायची ताकद काही परत आली नाही. तेव्हा ते पन्नाशीला आले होते. शेड भाड्यानं दिलं.

एजंट व्हायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. गावातल्या निम्म्या घरांत ते चौकटी बसवायला जाऊन आलेले. कुणाला घर घ्यायचं असलं की लोक त्यांनाच विचारायचे, "हैदरभाई, ते घर आतून कसं आहे हो?" ते सांगायचे. पुढं दोन्हीकडचे लोक त्यांनाच मध्ये घालायला लागले. असा धंदा सुरू झाला.

सुरुवातीला तेही बाकीच्यांसारखे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. कोपऱ्यात उभं राहून, फोन आडवा धरून. अशा फोटोत दहा फुटांची खोली पंधरा फुटांची दिसते. एकदा कळमनुरीहून एक कुटुंब घर बघायला आलं. नवरा, बायको, सासू, दीर आणि कडेवर लेकरू. दुकान बंद ठेवून जीप करून आले होते. फोटो बघून घर जवळजवळ पसंतच होतं. आत आल्यावर दोन मिनिटांत त्या बाईच्या लक्षात आलं, की स्वयंपाकघरात जायचं तर झोपायच्या खोलीतून जावं लागतं.

"पाव्हणे झोपले असले तर मी चहा कसा करायचा?" तिनं विचारलं.

फोटोत झोपायची खोली होती आणि स्वयंपाकघरही होतं. एकातून दुसऱ्यात जावं लागतं हे कुठल्याच फोटोत मावलं नव्हतं. ती माणसं पाणी पिऊन परत गेली. दीर जाता जाता म्हणाला, "फोनवरच सांगायचं ना राव." हैदरभाईंना ते लागलं, पण पुढं काय करायचं ते तेव्हा सुचलं नाही.

सुनीतीबाई शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्या, नवरा त्याआधीच गेलेला. मुलगी जाई संभाजीनगरला असते. तिच्या घराजवळ लहानसा फ्लॅट घ्यायचा आणि हिंगोलीचं घर विकायचं असं त्यांनी ठरवलं. घर नवराबायकोनं तीन वेळा मिळून बांधलेलं. पहिल्यांदा रस्त्याकडच्या दोन खोल्या, सहा-सात वर्षांनी मधली खोली आणि व्हरांडा, आणि जाईच्या दहावीच्या सुमारास मागची खोली, तिला लागून न्हाणी आणि स्वयंपाकघर. त्या शेवटच्या बांधकामाच्या चौकटी हैदरभाईंनीच केलेल्या.

हैदरभाईंनी घराचे चौदा फोटो टाकले. लोकांना त्यातून काहीच कळेना. फोन यायचे, "हे निळं दार कुठं उघडतं?" "ह्या तीन खोल्या हायत का एकाच खोलीचे तीन फोटो?" फोनवर सांगून समजत नाही म्हटल्यावर लोक बघायलाच यायचे. चार महिन्यांत एकतीस कुटुंबं येऊन गेली. कुणी कपाट उघडून बघायचं, कुणी नळ सोडून बघायचं, कुणी जाईच्या लग्नाच्या फोटोसमोर उभं राहून मुलगी काय करते विचारायचं. एक जण तर चप्पल घालून देवघरापर्यंत गेला.

शेवटी एके दिवशी सुनीतीबाईंनी हैदरभाईंना बोलावून घेतलं.

"हैदरभाई, आता कुणाला आणू नका. घर विकलं नाही तरी चालेल मला."

"बाई, असं काहून म्हणता?"

"काय म्हणू मग? रोज आवरून बसते मी. पाहुणे आल्यासारखे लोक येतात आणि नाक मुरडून जातात. त्यांना जे नको आहे ते त्यांना इथं आल्याशिवाय कळत नाही का?"

हैदरभाईंनी भिंतींवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "कळंल. पन त्यांना कळंल असं आपन काही दिलंच न्हाई. बाई, तुमच्याकडं चौकटीची वही हाय का?"

गणिताच्या बाईंकडं आलेखाच्या वह्यांची काय कमी. हैदरभाईंनी घरून टेप आणला. टेपचं एक टोक सुनीतीबाईंनी धरलं, दुसरं त्यांनी. सकाळी नऊला सुरू केलं ते दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत. प्रत्येक भिंत, प्रत्येक दार, खिडकी जमिनीपासून किती उंच, मोरी कुठं. चौकटवाले असल्यामुळं त्यांनी प्रत्येक दाराची रुंदी इंचापर्यंत लिहिली. मागच्या खोलीला बोळाकडं एक दार होतं. त्याच्यापुढं पुस्तकांचं कपाट ठेवून पंधरा वर्षं झाली होती. चौकट आपल्या हातची, म्हणून त्यांनी तेही दाखवलं.

नकाशा पुरा झाल्यावर सुनीतीबाईंनी चष्मा लावून बघितला.

"मागची खोली पुढच्या बैठकीपेक्षा मोठी आहे?"

"दीड फुटानं मोठी हाय."

"कमाल आहे. मला कायम ती लहानच वाटायची." मग त्याच म्हणाल्या, "सामान किती कोंबलंय आम्ही तिच्यात."

नकाशा ग्रुपवर गेला आणि फोन कमी झाले. जे यायचे त्यांचं बोलणंही वेगळं व्हायला लागलं. एक जण म्हणाला, "गाडी लावायला जागा न्हाई ना? मग राहू द्या." दुसरा म्हणाला, "आम्हाला दोन भावांना वेगळ्या चुली पाहिजेत, हे जमायचं नाही." ही माणसं आलीच नाहीत. सुनीतीबाईंचा दिवस मोडला नाही आणि त्या लोकांची रजाही वाया गेली नाही. हैदरभाईंना वाटलं, आपल्याला वाट सापडली.

मग अमरावतीहून विश्वजीत यांचा फोन आला. पाटबंधारे खात्यातले. त्यांची हिंगोलीजवळच्या सिद्धेश्वर धरणावर बदली झाली होती. आई, मालनबाई, मूळच्या याच भागातल्या. त्यांना आता आपल्या माणसांजवळ राहायचं होतं. वर्षापूर्वी त्या पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून वॉकर घेऊन चालतात.

"मागच्या खोलीला लागून न्हाणी दाखवली आहे. न्हाणीचं दार तीस इंच लिहिलंय ना?" त्यांनी विचारलं.

"तीस इंच."

"नक्की?"

"साहेब, ती चौकट मीच केली हाय."

आईचा वॉकर पंचवीस इंचांचा. विश्वजीत खूश झाले. त्यांनी आणखी आठ-दहा घरांचे फोटो बघितले होते, पण न्हाणीच्या दाराचं माप कुणीही सांगू शकलं नव्हतं. दोन दिवसांनी ते आईलाच घेऊन आले. चार तासांचा प्रवास. मालनबाई गाडीतून उतरल्या तेव्हाच त्यांचा चेहरा दुखण्यानं ओढलेला होता, पण त्या हसल्या, मुलाचा आणि सुनीतीबाईंचा हात धरून दारापुढच्या पायऱ्या कशाबशा चढल्या आणि पुढच्या खोलीत आल्या. तिथून व्हरांड्याच्या दारात आल्या आणि थांबल्या.

पुढं सहा इंच खाली पायरी होती. व्हरांड्यातून मागच्या खोलीत जायला आणखी एक, तिच्याहून खोल.

घर तीन वेळा बांधलेलं, जमीन मागं उतरती, त्यामुळं प्रत्येक बांधकाम आधीच्यापेक्षा खाली. सुनीतीबाईंच्या पायांना ते इतकं सवयीचं होतं की त्यांना त्या पायऱ्या वाटतच नव्हत्या. आणि हैदरभाईंनी सगळी लांबी-रुंदी मोजली होती, पण जमीन कुठं उतरते ते मोजलं नव्हतं.

मालनबाईंनी वॉकर पुढं टाकून बघितला. तो खाली टेकला तसा त्यांचा तोल गेला, विश्वजीत यांनी दंडाला धरून सावरलं.

"मला न्हाई जमायचं रे," त्या म्हणाल्या. "इथंच बसते. तू बघून ये."

विश्वजीत बघायला गेले नाहीत. ते हैदरभाईंकडं वळले. आवाज चढवला नाही, पण चढवला असता तर बरं झालं असतं असं हैदरभाई मला म्हणाले.

"नुसते फोटो असते तर मी आधी एकटा आलो असतो. तुम्ही नकाशा दिलात, इंचाइंचाचं माप दिलंत, म्हणून आईला आणलं."

"साहेब, माझ्याकडून चूक झाली."

"चूक झाली म्हणून तिचं दुखणं कमी होणार आहे का?"

सुनीतीबाईंनी चहा केला. मालनबाईंनी मुलाला गप्प बसायला सांगितलं आणि हैदरभाईंना म्हणाल्या, "भाऊ, मनाला लावून घेऊ नका. धडधाकट माणसाला पायरी दिसत न्हाई. मलाबी पडायच्या आधी दिसत नव्हती." अर्ध्या तासानं ते निघून गेले.

हैदरभाई घरी आले ते जेवलेच नाहीत. फातिमाबींनी, त्यांच्या बायकोनं, दोनदा ताट वाढून ठेवलं. शेवटी काय झालं ते त्यांनी सांगितलं. फातिमाबींचे स्वतःचे गुडघे गेलेत. त्या लग्नाकार्याला गेल्या की आधी विचारतात, मांडवात जायला पायऱ्या आहेत का.

"सीड्यां दिखाए थे क्या नक्शे में?" त्यांनी विचारलं.

"नै."

"तुमे ऊपर से देख के बनाए. चल के तो देखेइच नै."

हैदरभाईंचं म्हणणं, त्या वेळी बायकोचा राग आला. पण तिचं बोलणं बराबर होतं, हेही कळलं.

दुसऱ्या दिवशी ते गवंड्याकडून लेव्हलची नळी मागून घेऊन सुनीतीबाईंकडं गेले. पाणी भरलेली पारदर्शक नळी. तिची दोन टोकं दोन ठिकाणी धरली की कुठली जमीन किती खाली आहे ते कळतं. पुन्हा सगळं घर. पाच ठिकाणी उतार निघाला. पुढच्या दाराला रस्त्यापासून तीन पायऱ्या, त्याही आधीच्या नकाशात नव्हत्या. त्यांनी नकाशा पुन्हा काढला. प्रत्येक खोलीत जमिनीची पातळी लिहिली, पायरी असेल तिथं तिरप्या रेघा मारल्या.

या वेळी सुनीतीबाई नाराज झाल्या.

"हे असं सगळ्यांना पाठवणार तुम्ही? घर कोण घेईल मग? पैसे साठतील तसं बांधलं हो आम्ही. एका दमात बांधलं असतं तर एका पातळीत असतं."

"बाई, मी घराला नाव ठेवून राह्यलो न्हाई. ते आले की त्यांना दिसनारच हाय. आपन सांगितलं न्हाई तर त्यांना तकलीफ अन् तुमालाबी तकलीफ."

"कालच्या बाईंची गोष्ट वेगळी होती."

"वेगळी काहून? दहा वर्सानं कुनाचे पाय कसे राहतील, कोनाला माहीत हाय?"

सुनीतीबाई नळी गुंडाळायला लागल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. हैदरभाई तो दिवस थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला, "पाठवा."

ज्यांना ज्यांना जुना नकाशा गेला होता त्या सगळ्यांना नवा गेला. खाली लिहिलं, "आधीच्या नकाशात पायऱ्या दाखवायच्या राहिल्या होत्या. चूक माझी." ग्रुपवरच्या दुसऱ्या एजंटांनी हसून घेतलं. एक जण माझ्या टपरीवर येऊन म्हणाला, "हैदरभाई आता गळकं छतबी काढून दाखवतीन." विश्वजीत यांना नकाशा पाठवताना हैदरभाईंचा हात दोनदा थांबला. ते घर त्यांच्यासाठी संपलं होतं, उगाच जखमेवरची खपली कशाला काढायची. तरी पाठवला.

तीन दिवस काहीच उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला.

"मागची खोली, न्हाणी आणि स्वयंपाकघर, तिन्हींवर एकच आकडा लिहिलाय तुम्ही," विश्वजीत म्हणाले. "एकाच पातळीत आहेत?"

"व्हय साहेब. ते एकाच टायमाला बांधलं हाय."

"आणि मागच्या खोलीला बोळाकडं एक दार दाखवलंय. ते उघडतं का? बोळ त्याच्यापेक्षा किती खाली आहे?"

ते दार हैदरभाईंनी स्वतः केलं होतं, स्वतः दोनदा कागदावर काढलं होतं, आणि त्यातून कुणी आत येईल हा विचार त्यांच्या मनात आला नव्हता.

"साहेब, मी मोजून सांगतो," ते म्हणाले. "अंदाजानं न्हाई सांगत."

दुसऱ्या दिवशी सुनीतीबाईंनी पुस्तकं काढली, शेजारच्या दोघांनी कपाट सरकवलं. दार फुगून बसलं होतं. हैदरभाईंनी कडी काढली, डाव्या खांद्यानं रेटलं, ते हललं नाही. मग ते घरी जाऊन रंधा घेऊन आले. वरून फट पाडून पाचर घातली, दार मोकळं केलं, बिजागऱ्या काढून ते आडवं टाकलं आणि दुखऱ्या खांद्यानं थांबत थांबत खालची कड तासली. दोन तास गेले. दार परत बसवून उघडलं तेव्हा बोळातला उजेड थेट न्हाणीच्या दारापर्यंत आला. बोळ आठ फूट रुंद, त्यात रिक्षा येते. उंबरा बोळापासून चार इंच वर. हे सगळं त्यांनी लिहून पाठवलं, आणि हेही लिहिलं, की पावसाळ्यात बोळात पाणी साचतं का ते शेजाऱ्यांना विचारलं आहे, थोडं साचतं, उंबऱ्यापर्यंत येत नाही.

या वेळी विश्वजीत आधी एकटे आले. टेप त्यांनी स्वतःचा आणला होता. हैदरभाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. सगळी मापं जुळली. बोळाच्या बाजूला सिमेंटचा लहान उतार करायचा, पुढच्या दोन खोल्या विश्वजीत आणि त्यांच्या बायकोनं वापरायच्या, मागचा भाग आईचा, असं तिथंच उभ्या उभ्या ठरलं. मालनबाई दुसऱ्यांदा घरात आल्या त्या व्यवहार झाल्यावरच, उताराचं सिमेंट वाळल्यावर. वॉकर घेऊन त्या बोळातून आत आल्या, न्हाणीत गेल्या, स्वयंपाकघरात गेल्या, परत पलंगापाशी आल्या. "पुढं काय हाय ते नंतर बघीन," म्हणाल्या.

खरेदीखत मीच टाइप केलं. त्या दिवशी हैदरभाई नव्या कपड्यांत आले होते आणि दोन्ही बाजूंनी त्यांना पेढे दिले.

त्यांचं सगळंच असं जमतं असं नाही. गेल्या वर्षी एका मालकानं घर त्यांच्याकडून काढून दुसऱ्या एजंटाला दिलं. त्या घराची एक खोली सात बाय आठची होती आणि मालकाला ती बेडरूम म्हणून विकायची होती. हैदरभाई म्हणाले, "पलंग टाकला तर दार उघडत न्हाई, मी कशी दाखवू?" ते घर दुसऱ्यानं विकलंही, हैदरभाईंनी विकलं असतं त्याच्यापेक्षा लवकर. त्याचं त्यांना वाईट वाटलं, ते त्यांनी लपवलं नाही. पण आता दोन एजंट स्वतःहून त्यांच्याकडून नकाशे काढून घेतात. बाहेरगावचं गिऱ्हाईक असलं की लागतोच, म्हणतात.

घर विकल्यापासून सुनीतीबाई जाईकडं राहतात, त्यांचा फोन मागच्या महिन्यात आला होता. जाईच्या सोसायटीजवळ दोन फ्लॅट बघितले होते त्यांनी, दोन्हींचे बिल्डरनं दिलेले नकाशे हैदरभाईंना पाठवले. हैदरभाई माझ्या टपरीवरच होते. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन दोन्ही बघितले.

"बाई, तुमचा पलंग किती लांबीचा हाय?"

"मोजला नाही."

"आधी मोजा. जास्त लांब असला तर पहिल्या फ्लॅटात तो दाराच्या मागं यील. अन् दुसऱ्यात बाल्कनीत जायला उंबरा हाय का, ते यात लिहिलं न्हाई. त्यांना इचारा."

सुनीतीबाई म्हणाल्या, थांबा, टेप आणते. हैदरभाई फोन कानाला लावून थांबले आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाचे कागद हातात घेतले.